कंट्रोल ग्रुपला काही सांगायचं नाही

५ जानेवारी, सोमवार

आजपासून डायरी. गाईड मॅडम म्हणाल्या, "संशोधकाने रोज लिहावं. मनात येईल ते लिहावं, पुढे उपयोगी पडतं." मनात आत्ता एवढंच येतंय की या विषयातून माझी सुटका कशी होईल.

विषय मी घेतलेला नाही, तो माझ्या गळ्यात पडला. एम.एस्सी. नर्सिंगच्या आमच्या वर्गात सगळ्या सिस्टर आणि मी एकटा ब्रदर. मॅडम विषय वाटत गेल्या. मधुमेह गेला, स्तनपान गेलं, म्हाताऱ्यांचं पडणंसुद्धा कुणीतरी पळवलं. शेवटी 'किशोरवयीन मुलगे आणि प्रजनन आरोग्य' उरलं, तेव्हा अख्खा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. "ब्रदर, हे तुमच्याशिवाय कोण करणार?" मॅडम म्हणाल्या. इतकी वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, माणसाचा कुठला भाग बघायचा राहिलाय असं नाही. तरी माझे कान तापले.

घरी आईने विचारलं, "कशावर रे संशोधन?"

"मुलांच्या आरोग्यावर."

"म्हणजे नेमकं कशावर?"

बायको समोर भाजी निवडत बसली होती. तीही नर्सच, आमच्याच हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये. तिला सगळं माहीत होतं, पण मदत करेल तर शपथ. खाली मान घालून खुदुखुदू हसत राहिली. मी म्हटलं, "अवयवांवर."

आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, हृदयावर. संध्याकाळी काकू छातीतली धडधड दाखवायला आल्या. मी नाडी बघितली, चहा कमी करा म्हणालो. संशोधनाला अशी सुरुवात झाली.

१२ जानेवारी, सोमवार

पद्धत ठरली. दोन शाळा, नववीचे मुलगे. बसस्टँडजवळच्या शाळेत आधी परीक्षा घ्यायची, मग मी शिकवायचं, मग पुन्हा तीच परीक्षा. तलावापलीकडच्या शाळेत नुसत्या दोन परीक्षा, मध्ये काहीही शिकवायचं नाही. हा कंट्रोल ग्रुप. पहिल्या शाळेचे मार्क वाढले आणि दुसरीचे जिथल्या तिथे राहिले, की माझं शिकवणं परिणामकारक ठरलं. दुसऱ्या शाळेला सगळं शिकवायचं, पण शेवटची परीक्षा झाल्यावर, मार्चमध्ये.

मॅडमनी बजावलं, "कंट्रोल ग्रुपला एक अक्षर सांगायचं नाही. कुणी काही विचारलं तरी नाही. सांगितलंत की भेसळ झाली, आणि भेसळ झाली की वर्षाची मेहनत पाण्यात."

मी मान डोलावली. माझी अभ्यासाची रजा मे महिन्यात संपते. तोवर प्रबंध गेला नाही तर पदवीविना वॉर्डात परत. आमच्या इन्चार्ज सिस्टर माझ्यासाठी नाईट ड्युट्या राखून बसल्या आहेत असं ऐकतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

तलावापलीकडच्या शाळेत पहिली परीक्षा. पीटीच्या सरांनी ओळख करून दिली. "हे डॉक्टर आपल्याला..." मी मध्येच म्हटलं, "डॉक्टर नाही, नर्स." वर्गात असा हशा पिकला की पुढची ओळख वाहून गेली.

सर गळ्यात शिटी अडकवून मागे उभे राहिले. पेपर बघून मुलांच्या माना ज्या खाली गेल्या त्या वर येईनात, आणि पेनही हलेनात. मी सरांना बाहेर थांबायची विनंती केली. त्यांना ते लागलं. जाताना माझ्याकडे असं बघितलं, जणू वर्गाला मीच बिघडवणार आहे.

प्रश्न असा होता: 'वृषणाला पीळ पडल्यास काय करावे?' पर्याय: थंड पाण्याने अंघोळ, विश्रांती, ताबडतोब दवाखाना, माहीत नाही. एकाने विचारलं, "सर, वृषण म्हणजे काय?" मी म्हटलं, ते सांगता येणार नाही.

"प्रश्नच कळला नाही तर उत्तर कसं देऊ?"

"मग 'माहीत नाही'वर खूण कर."

बहुतेकांनी तीच केली. मी मनातून खूश झालो. सुरुवातीचं अज्ञान जितकं घट्ट, तितका नंतरचा फरक उठून दिसतो. पोरांना काही म्हणजे काही माहीत नाही, आणि मी लॉटरी लागल्यासारखा पेपर मोजतोय, असं ते दृश्य होतं.

सगळे गेल्यावर एक उंच मुलगा मागे राहिला. मुलं त्याला लांबू म्हणतात. व्हॉलीबॉल खेळतो. "सर, त्या पिळाच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर कुठलं?"

"मार्चमध्ये सांगेन. सगळ्यांना एकदमच."

"बरं," म्हणाला आणि उभाच राहिला. "आणखी काही?" विचारलं तर मानेनेच नाही म्हणाला. चौकस मुलगा आहे. अशी मुलं पुढे जातात.

२० जानेवारी, मंगळवार

बसस्टँडजवळच्या शाळेत पहिला पाठ. त्यासाठी बायकोने मखमलीचं मॉडेल शिवून दिलं होतं. थिएटरमध्ये खरं बघणारी बाई, त्यामुळे कुठे काही कमी ठेवलं नव्हतं, दोन्ही बाजू नीट भरीव. काल रात्री ते मी शिवणाच्या मशीनवर ठेवलं आणि तिथेच घात झाला.

वर्गात पिशवीतून मॉडेल बाहेर काढलं. पहिल्या बाकावरची पोरं एकदम पाय जवळ घेऊन बसली. बघतो तर आईने त्याला टाचण्यांची उशी समजून रंगीत टाचण्या खोचून ठेवल्या होत्या. ओळीने, अगदी नेटक्या.

मी एकेक टाचणी काढत 'हा भाग नाजूक असतो' हे शिकवलं. इतक्या एकाग्रतेने वर्गाने दुसरं काही ऐकलं असेल असं वाटत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

तलावापलीकडच्या शाळेत काही मुलांची उंची-वजनं राहिली होती, ती घ्यायला गेलो. मैदानावर खेळ चालू होता आणि लांबू पायरीवर बसला होता. मला बघून उठला, काटा सभागृहात न्यायला मदत केली. मग म्हणाला, "सर, माझ्या एका मित्राचं विचारायचं होतं."

"विचार." विचारायला बंदी नाही, उत्तराला आहे.

"त्याला खेळताना मध्येच कळ येते. घाम फुटतो. परवा उलटीपण झाली. मग थोड्या वेळाने आपोआप थांबतं. आपोआप थांबतं म्हणजे काही नसेल ना?"

"कुठे कळ येते?"

"पोटात." मग जरा थांबून, "म्हणजे, खाली."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मित्राला सांग, मार्चमध्ये मी येऊन सगळं सांगणार आहे."

"तोपर्यंत खेळलं तर चालेल?"

"त्यावर मला काही बोलता येणार नाही."

तो "बरं" म्हणाला. पोरगं गोड आहे. मित्रासाठी एवढा जीव टाकणारी मुलं हल्ली बघायला मिळत नाहीत. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, पण मूग गिळून बसलो. मी किती पाघळणारा माणूस आहे हे बायकोला विचारा, पण आज खऱ्या संशोधकासारखा वागलो. तिला सांगून जरा भाव खावा म्हटलं, तर तिची दुपारपाळी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना प्रगती दाखवली. सांगितलं, कंट्रोल ग्रुपमधला एक मुलगा दोनदा प्रश्न घेऊन आला, मी दोन्ही वेळा ताकास तूर लागू दिली नाही. मॅडम म्हणाल्या, "शाबास. असा कोरा डेटा फार कमी विद्यार्थी आणतात." त्या सहसा कुणाला शाबास म्हणत नाहीत. वर्गातल्या सिस्टर लोकांनी ऐकावं म्हणून दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

येताना स्वतःसाठी नवीन पेन घेतलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नीट सांगतो.

सकाळी बसस्टँडजवळच्या शाळेत चौथा पाठ होता, 'ताबडतोब दवाखाना गाठा'. पडद्यावर मी स्वतः तयार केलेली स्लाईड होती आणि ती मी स्वतःच मोठ्याने वाचत होतो. "वृषणाला पीळ पडणे. अचानक असह्य कळ. घाम, मळमळ, उलटी. काही मुलांना हा त्रास आधी येऊन-जाऊन होतो आणि आपोआप थांबतो. मुले लाजेने पोट दुखते असे सांगतात."

पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं आणि तिथेच थांबलो. पडद्यावर लांबू लिहिलेला होता. अक्षरन् अक्षर लांबू. माझ्याच हाताने टाईप केलेला, खाली संदर्भासकट. मित्र कसला नि काय. माझी पाचावर धारण बसली.

पीळ पडला की त्या बाजूचा रक्तपुरवठा तुटतो. मग हातात थोडेच तास उरतात. तेवढ्यात सोडवला तर अवयव वाचतो, नाहीतर काढून टाकावा लागतो. हे मला तोंडपाठ आहे, सर्जिकल वॉर्डात असे पेशंट मी स्वतः तयार करून थिएटरला पाठवलेत. आणि त्या पोराला मी मार्च सांगून आलो होतो.

मुलांना म्हटलं, "पुढची ओळ तुम्हीच वाचा," आणि निघालो. प्रोजेक्टर चालूच राहिला.

तलावापलीकडच्या शाळेत पीटीचे सर मैदानावर होते. मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही, पेपरवर आम्ही नुसते नंबर घालतो. "लांबू कुठाय?" विचारलं. सर म्हणाले, "आलाच नाही. पोट दुखतंय म्हणे. रविवारी मॅच आहे ना, नाटकं करतोय." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पुढे काही न विचारता घर दाखवलं.

शाळेमागे त्याच्या वडिलांची लाँड्री आहे, मागे घर. वडील इस्त्री करत होते, काउंटरला दोन गिऱ्हाइकं. मी धापा टाकत म्हटलं, "तुमच्या मुलाला बघायचंय. मी हॉस्पिटलमधला ब्रदर." ते म्हणाले, "अहो, पोट बिघडलंय नुसतं. त्याची आई शेक देतेय."

आत तो कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. रंग उतरलेला, ओठ कोरडे. शेजारी उलटीसाठी पातेलं. आईने गरम पाण्याची पिशवी पोटावर धरली होती आणि तो ती वरच ढकलत होता. मला बघून त्याने डोळे मिटले.

मी त्याच्या आईला म्हटलं, "ताई, जरा पाणी आणता का?" त्या गेल्या. मी खाली बसलो. कुठे दुखतंय विचारलं. "पोट." पुन्हा विचारलं. "पोटच." बापाच्या इस्त्रीचा आवाज पडद्यापलीकडून येत होता, तो काय बोलणार. तेव्हा म्हटलं, "बरं, तुझं राहू दे. मित्राचं सांग. मित्राला कधीपासून दुखतंय?"

डोळे उघडले नाहीत, पण बोलला. "उजाडताना."

"थांबलं नाही?"

"या वेळी नाही थांबत."

"मित्राला डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे." मग एकदम रडायलाच लागला. "सर, मार्च आला नव्हता ना अजून."

मी बाहेर आलो आणि त्या दोन गिऱ्हाइकांसमोर, काउंटरवर हात टेकून, बापाला सगळं सांगितलं. वृषण म्हणालो तर त्यांना कळलं नाही. मग जो शब्द सगळ्या पोरांना येतो आणि जो माझ्या प्रश्नपत्रिकेत मॅडमनी चालू दिला नसता, तो शब्द वापरला. लगेच कळलं. इस्त्री उभी करून ठेवली, दुकान गिऱ्हाइकांच्या ताब्यात देऊन टेम्पो काढला. मागे हँगरला कपडे लटकत होते. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो आणि वळणावर कुणाचा तरी कडक इस्त्रीचा कोट दरवेळी माझ्या तोंडावर येत होता.

टेम्पोतूनच कॅज्युअल्टीला फोन केला, सर्जनना तयार ठेवा म्हणून. थिएटरच्या दारात बायको उभी होती. तिने त्याला आत घेतलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही, कामात ती कुणाकडेच बघत नाही. बाहेर बाकावर मी आणि लाँड्रीवाले. ते म्हणाले, "तुम्ही आलात म्हणून. देवासारखे आलात." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बऱ्याच वेळाने बायको बाहेर आली, मास्क खाली घेतला. "काळानिळा पडला होता. पीळ सोडवला, गरम ओल्या कपड्यात ठेवून वाट बघितली. मला वाटलं गेला. मग हळूहळू रंग आला." दोन्ही बाजूंना टाके घातलेत, म्हणजे पुन्हा वळणार नाही. लाँड्रीवाले तिच्या पाया पडायला वाकले, तिने त्यांना धरलं.

मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुला कसं कळलं रे?"

"त्यानेच सांगितलं होतं."

"आज?"

"मागच्या आठवड्यात."

ती नळ सोडून हात धुवायला लागली, आणि धुतच राहिली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मला माझी लाज वाटते. ही कौतुकाने लिहिलेली डायरी मागे उलटून वाचली, अठ्ठावीस तारखेचं पान तर दोनदा वाचलं. त्या पोराला मी गोड म्हटलंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लांबूला बघायला वॉर्डात गेलो. त्याच्या खाटेभोवती अर्धा वर्ग. मला बघून सगळे बाजूला सरकले. लांबू म्हणाला, "सर, हे सगळे विचारतायत काय झालं. पण मी सांगितलं तर तुमचा अभ्यास बिघडेल ना? पीटीचे सर म्हणाले, आपल्याला काही कळून चालत नाही."

टाके अजून ओले, सलाईन लावलेलं, आणि हा माझा प्रबंध सांभाळतोय.

मी म्हटलं, "बिघडू दे. सांग."

मग त्याने असं सांगितलं की काय सांगू. कुठे दुखतं, कसं दुखतं, लपवलं तर काय होतं, आतून रंग कसा जातो आणि कसा येतो. शेवटचं त्याला माझ्या बायकोने सांगितलं होतं. अडलं तिथे माझ्याकडे बघायचा, मी पुरवणी जोडायचो. एकाने विचारलं, "मग पुढे मुलंबाळं होतात का?" लांबूने माझ्याकडे बघितलं. "होतात," मी म्हणालो, आणि सगळ्या वर्गाने सुटकेचा श्वास टाकला. मग प्रश्नांची जी रांग लागली ती इन्चार्ज सिस्टर ओरडत येईपर्यंत संपली नाही. मार्चमध्ये शिकवायचं ते सगळं खाटेपाशीच शिकवून झालं.

घरी आईने शेजारच्या काकूंना खरा विषय सांगून टाकला. काकू म्हणाल्या, आमच्या नातवाशीपण एकदा बोलाल का.

११ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमना सगळं सांगितलं. आज दार लावून घेतलं होतं.

"म्हणजे कंट्रोल ग्रुप गेला," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्ही मला ३ तारखेला सांगितलंत, तेव्हाच त्या मुलाचं हे विचारून झालं होतं?"

"हो."

त्या म्हणाल्या, "तो काय विचारत होता, हे मी तुम्हाला विचारलं नाही. मी पंचवीस वर्षं नर्सिंग शिकवतेय." मला वाटलं त्या चिडतील, रजेचं काढतील. त्यांनी नुसतं सांगितलं, "दुसरी परीक्षा ठरल्याप्रमाणे घ्या. जे येईल ते येईल."

१७ मार्च, मंगळवार

निकाल आला. पिळाच्या प्रश्नाला तलावापलीकडच्या शाळेत सगळ्यांचं उत्तर बरोबर; खाटेपाशी जे नव्हते त्यांनाही लांबूने सांगितलेलं. बसस्टँडजवळच्या शाळेत, जिथे मी स्लाईड, मॉडेल, टाचण्या अशी सगळी सामग्री लावली, तिथे काहीजण अजून थंड पाण्याने अंघोळ करतायत.

एकूण मार्कांतही कंट्रोल ग्रुप पुढे. म्हणजे आकड्यांवरून सिद्ध झालं ते असं की मी शिकवलेलं न शिकवलेल्यापेक्षा वाईट. बायको म्हणाली, "लांबूलाच एम.एस्सी. देऊन टाका." ती आता पुन्हा थट्टा करायला लागलीय, याचं बरं वाटलं.

२३ एप्रिल, गुरुवार

'अभ्यासाच्या मर्यादा' हे प्रकरण लिहिलं. घोळवून घोळवून एक वाक्य तयार केलं: 'अनपेक्षित बाह्य घटकांमुळे नियंत्रण गटातील सहभागींच्या माहितीत वाढ झाल्याचे आढळले.' मॅडमनी वाचलं.

"बाह्य घटक म्हणजे कोण?"

"मी."

"मग तसं लिहा. परीक्षकांनी फाडलं तर फाडू दे, मी बाजूला बसलेली असेन."

बाहेर व्हरांड्यात बसून नवीन वाक्य लिहिलं: 'नियंत्रण गटातील एका मुलाने संशोधकाकडे मदत मागितली आणि संशोधकाने ती केली.' आत नेऊन दिलं. वाचायला सोपं, ऐकायला बरं, आणि मीही त्यात बरा दिसत होतो.

मॅडमनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "यात एक शब्द राहिलाय."

"कुठला?"

त्यांनी टोपण काढलेलं पेन पुढे धरलं. मी ते घेतलं आणि 'ती'च्या पुढे जागा करून 'उशिरा' लिहिलं.

मॅडमनी खाली सही केली आणि पुढचं प्रकरण मागितलं.